जाऊन-येऊन पुरेल एवढी बॅटरी

दुकानदाराचा पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच. "नाना, लोड काय शे?" म्हणजे इन्व्हर्टरवर काय काय चालवायचंय. पंखा, दिवे, टीव्ही, काय असेल ते सांगा. त्या उन्हाळ्यात मी धुळ्यातल्या दुकानांचे उंबरे झिजवले आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "बायको." दुकानदार हसायचे. मला हसू येत नव्हतं.

आता नीट सांगतो. मी जन्मभर बस चालवली. दुसऱ्यांच्या बायका-पोरांना माहेरी पोचवलं, सासरी पोचवलं, जत्रेला पोचवलं. स्वतःच्या बायकोला कुठं नेलं म्हणाल, तर बाजारात आणि दवाखान्यात. म्हणून रिटायर झाल्यावर एक जुनी मिनीबस घेतली, आतली बाकं काढून टाकली आणि तिच्यात घर थाटलं. एक पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायला छोटं सिंक, टपावर पाण्याची टाकी, पंखा, आणि पलंगाखाली इन्व्हर्टर-बॅटरी. गल्लीत चेष्टा झाली. "नाना, लोक रिटायर झाल्यावर घरी बसतात, तुम्ही तर घरच रस्त्यावर काढलं!" बायको पण काही कमी नव्हती. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," म्हणायची, "आणि नांगीचं तर विचारूच नका." पण एकदा पुढच्या सीटवर बसली की उतरायचं नाव घ्यायची नाही. तोरणमाळ झालं, ओंकारेश्वर झालं. झाड दिसलं की गाडी थांबवायची आणि चहा टाकायचा. आयुष्यात तेवढी वर्षं आम्ही मजेत काढली, खोटं कशाला बोलू.

मग तिची फुप्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं, ते मी जिना उतरेपर्यंत विसरलो. ते बरं होत नाही हे मात्र विसरलो नाही. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते लाईटवर चालतं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. दिवसभर त्याचं घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. नळी जेवढी लांब तेवढंच तिचं जग. शेगडीजवळ तर जायचंच नाही, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि मला हुकूम सोडायची. "अहो, फोडणी जळाली! बस चालवली का रणगाडा?" गाडी दारात उभी. टायर बसत चालले होते.

एवढं सगळं तिनं सोसलं. रडली नाही. रडली ती फक्त आखाजीला.

तिचं माहेर सावदा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. दिवाळीला लेक आली नाही तर एखादवेळ चालतं, आखाजीला आली नाही तर गल्ली विचारते. कडुनिंबाला झोका बांधतात, सांजोऱ्या होतात, म्हाताऱ्या सासुरवाशिणी पण त्या दिवशी फ्रॉकातल्या पोरींसारख्या झोक्यावर चढतात. पण लेक आपल्या पायानं जात नाही. माहेरचं माणूस न्यायला येतं, त्याला मूळ येणं म्हणतात. तिच्या घरची रीत तर आणखी कडक. मूळ आधी कळवायचं नाही. भाऊ आदल्या दिवशी अचानक दारात उभा राहणार, पाणी पिणार आणि म्हणणार, "चाल अक्का." तिचा धाकटा भाऊ दरवर्षी न चुकता यायचा. हिच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या तरी यायचा. यंत्र घरात आलं आणि तो यायचा थांबला. नुसता फोन. "अक्का, तब्येत सांभाळ. यंदा दगदग नको."

"घाबरतो तो," ती म्हणाली. "तिकडे लाईटचा भरवसा नाही. आपल्या दारात बहिणीले काही झालं तर, असं वाटत असेल त्याले."

"मग मी सांगतो ना फोन करून. गाडीत यंत्र चालतं, आम्ही आमचे येतो म्हणतो."

अशी तडकली! धाप लागली तरी थांबली नाही. "फोन करून मागितलं त्याले मूळ नाही म्हणत. भीक म्हणतात. माझी शपथ आहे तुमाले." श्वास जमवायला वेळ लागला, मग हळूच म्हणाली, "तुम्ही गाडी तयार करा. त्यानं ती डोळ्यांनी पाहिली म्हणजे झालं. मग येईल तो. एकदा झोक्यावर बसायचंय मले. जोरात नाही. नुसतं बसायचं."

मला तेवढंच काम पाहिजे होतं. रिकामा बसलेला ड्रायव्हर म्हणजे घराला ताप.

जुन्या इन्व्हर्टरवर भागेल असं मला वाटलं होतं. भागलं नाही. बघू तरी म्हणून आम्ही गाडी काढली आणि हायवेनं निघालो. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला, तिनं हात जोडले, आणि पलंगाखालून जळका वास आला. यंत्र कोकलायला लागलं. जवळ ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता म्हणून निभावलं. एका ढाब्यावर गाडी घातली, मालकानं गल्ल्यामागचा प्लग दिला, आणि माझी बायको नाकात नळी घालून गल्ल्यावर बसली. गिऱ्हाईक आलं की मालक तिला विचारायचा, "अक्का, सुट्टे देशी का?" ती हसत होती. मी ढाब्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. एवढी वर्षं घाटात गाडी चालवली, पण असा कधी घाबरलो नव्हतो.

घरी येऊन उघडून बघितलं. इन्व्हर्टर घरगुती, एका जागी भिंतीला बसून राहायचा. खड्ड्यांनी त्याची हाडं खिळखिळी झाली होती. त्याची वीज पण खडबडीत, पंख्याला चालते, पण यंत्राच्या मोटारीला मानवत नाही. आणि त्यातला चार्जर बॅटरी भरली तरी भरतच राहायचा. बॅटरीचं पोट फुगलं होतं. म्हणजे सगळंच नवीन घेणं आलं.

मग सुरू झाली माझी वणवण. मी आपल्या भाषेत समजून घेतलं. बॅटरी म्हणजे टाकी, इन्व्हर्टर म्हणजे इंजिन, चार्जर म्हणजे पंपावरचा माणूस. इंजिन असं पाहिजे की यंत्राची मोटार सुरू होताना जो झटका मारते तो सोसेल, आणि वीज घरासारखी गुळगुळीत देईल. ते सापडलं. पंपावरचा माणूस शहाणा पाहिजे, टाकी भरली की हात आखडणारा. तोही त्याच डब्यात मिळाला. घोडं अडलं टाकीपाशी.

आग्रा रोडवरचा दुकानदार चांगला माणूस, पण त्याला विकायची घाई. पाण्याच्या मोठ्या बॅटरीवर हात आपटून म्हणाला, "हाई लई जावा, नाना. बठ्ठं चाली जाई." म्हणजे हीच न्या, सगळं चालून जाईल. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. निर्णय तिचा. तिनं खुर्चीतूनच बॅटरी वरून खालून बघितली, सासरी नवी सून बघतात तशी.

"याचा वास येतो का?" तिनं विचारलं.

दुकानदार गडबडला. "चार्जिंगले लावली की थोडा येतो अक्का. लोक गॅलरीत ठेवतात."

"आमची गॅलरी नाही. माझ्या पलंगाखाली राहणार ती." थांबून दम घेतला. "तुमच्या नानाले विचारा, मले माहेरी न्यायचं का थेट वर."

दुकानातले सगळे हसले. मी पण हसलो. जुन्या बॅटरीच्या वासानं तिला गाडीत ठसका लागायचा, आणि मी आपला डिझेलचा धूर समजून खिडक्या लावत होतो.

म्हणजे लिथियमची बॅटरी. बंद डबा, वास नाही, पाणी टाकणं नाही. महाग, पण त्यावर आम्ही वाद घातला नाही. चार्जर तिला मानवणारा आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली, कारण पाण्याच्या बॅटरीचा चार्जर तिला चालत नाही. चालत्या इंजिनवर बॅटरी भरायची सोय पण दुकानदार सांगत होता, पण माझ्या गाडीचा डायनॅमो माझ्याइतकाच थकलेला. त्याच्या भरवशावर मी बायकोचा श्वास ठेवणार नव्हतो. जे काय लागेल ते टाकीत घेऊनच निघायचं.

"केवढी मोठी देऊ?" दुकानदारानं विचारलं.

"सावद्यापर्यंत पुरली पाहिजे. तिथं लाईट नसली तर तेवढीच परतीला. जाऊन-येऊन."

"नाना, एवढी कोणी घेत नाही. अर्धीत भागेल. तिथं चार्ज करा."

मी फोनकडे बघितलं. ती म्हणाली, "जाऊन-येऊन घ्या. मले परत पण आणायचंय ना तुमाले? का माहेरीच सोडून येता?"

घेतली जाऊन-येऊन. रबराच्या बैठकीवर बसवली, हवा खेळायला फळीला भोकं पाडली, आणि ते यंत्र लावून दारातच उभ्या गाडीत एक अख्खा दिवस काढला. ती पलंगावर पडून होती, मी पुढच्या सीटवर. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा बॅटरीचा आकडा हळूहळू उतरत होता. संध्याकाळी ती म्हणाली, "पोचलो की नाही?" मी म्हणालो, "पोचून परत पण आलो."

आता भावाला गाडी दाखवायची होती. जळगावला नात्यातलं लग्न निघालं. तो येणार हे पक्कं. आम्ही गाडी मंगल कार्यालयाच्या मागं सावलीत लावली. तो शोधत आला. दारात चपला काढल्या, जसा काही देवळात चढतोय. पलंगावर बहिणीच्या पायाशी बसला. चहा मी केला. ती त्याला एकेक दाखवत होती. हे बटण, हा दिवा, हा आकडा. "लाईट गेली तरी याले काही होत नाही. मी आता कुठंबी जाऊ शकते," असं तिनं दोनदा म्हटलं. यापेक्षा जास्त ती म्हणणार नव्हती, आणि मी शपथेत अडकलेलो.

त्यानं मलाच खोदून खोदून विचारलं. "दाजी, किती वॅटचं आहे हे? इन्व्हर्टर कोणता घ्यावा लागतो? लाईट गेली तर किती वेळ ओढते?" मी सगळं सांगितलं. मनात म्हटलं, बघ, आता बोलतो, आता बोलतो. त्यानं कप खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले. "तब्येत जप, अक्का," म्हणाला आणि गेला.

ती मागच्या काचेतून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. परतताना पारोळा आलं. मग म्हणाली, "सगळं पाहूनबी नाही म्हणाला ना काही." मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. भेकड म्हणालो, कोरडा म्हणालो. एरवी माहेरच्यांना नाव ठेवलं की ती माझ्या अंगावर यायची. त्या दिवशी आली नाही. मला तेच जास्त लागलं.

आखाजी जवळ आली. ऊन असं की दुपारी नळाचं पाणी हातावर घेववत नव्हतं. ती खिडकीतून रस्त्याकडे बघायची आणि मी बघतोय हे कळलं की पडद्याची कड नीट केल्यासारखं करायची. गाडी मी चार्ज करून ठेवली होती. रोज जाऊन आकडा बघून यायचो. तिनं एकदा विचारलं, "फुल्ल आहे?" मी म्हणालो, "फुल्ल आहे." "असू द्या," म्हणाली.

सणाला थोडेच दिवस राहिले असताना, दुपारच्या जेवणानंतर ती गेली. लाईट होती. यंत्र चालू होतं. अंगणात गाडीची बॅटरी फुल्ल होती. सगळी तयारी होती, तिच्यातच काही उरलं नव्हतं. मी नळी काढली नाही, किती वेळ तरी. यंत्र घुर्र-फुस्स करत होतं आणि मी तिचा हात धरून बसलो होतो. मला कळत होतं, पण ते बंद करायला माझा हात उठत नव्हता.

भाऊ आला. सवाष्ण बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते, ती तो घेऊन आला. हिरवी, जरीच्या काठाची. मी त्याच्याशी बोललो नाही. तोंड बघायची इच्छा नव्हती. शेजारच्या वहिनी आत तिला साडी नेसवत होत्या. त्या मध्येच बाहेर आल्या, साडीची कड हातात धरून, आणि मला हळूच म्हणाल्या, "नाना, हाई साडीले तं फॉल लायेल शे."

जाणाऱ्या माणसाच्या साडीला कोणी फॉल लावत नाही. ती घाईत आणतात, घडी मोडतात आणि पांघरतात. फॉल लावतात तो नेसून मिरवायच्या साडीला. मी भावाकडे बघितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

"आखाजीची होती ती, दाजी," तो म्हणाला. "जळगावहून गेलो अन् दुसऱ्याच दिवशी घेतली."

मग सगळं बाहेर आलं. आईच्या जुन्या खोलीत त्यानं इन्व्हर्टर बसवला होता, मी सांगितला तसाच, गुळगुळीत विजेचा. वास येऊ नये म्हणून बॅटरी बाहेरच्या पडवीत. पलंगापाशी दोन प्लग काढले होते. झोक्याला दोराच्या जागी साखळी आणि टेकायला पाठ असलेली फळी, नळी घेऊन बसता यावं म्हणून. आणि आखाजीच्या आदल्या दिवशी तो तिला न्यायला येणार होता.

"अरे मग बोलला का नाहीस तिथं? गाडीत? एक शब्द?" मी ओरडलोच. लोक बघायला लागले.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी काहीतरी भलतंच विचारलंय. "मूळ सांगून येते का, दाजी?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली. पण काय मारणार? तिनं मागायचं नाही, त्यानं सांगायचं नाही, दोघं एकाच आईच्या हाताखाली शिकलेले. दोघांनी रीत पाळली. आत वहिनी निऱ्या घालत होत्या, आणि तिला यातलं काहीच कळणार नव्हतं. भाऊ विसरला असं समजून ती गेली. बाकी सगळं मी गिळलं, हे एक मला अजून गिळता येत नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, मडक्याला पांढरं फडकं बांधलं. तापीत सोडायच्या म्हणून मी तयारी करत होतो. तो दारात येऊन उभा राहिला. पाणी मागितलं. प्याला आणि म्हणाला, "आज आखाजीचा आदला दिवस आहे, दाजी. मी मूळ घेऊन आलोय. रिकाम्या हातानं कसा जाऊ? तापी नंतर. आधी घर."

मी गाडी काढली. तो मागं पलंगावर बसला, मडकं मांडीवर. निघायच्या आधी मी इन्व्हर्टर सुरू केला आणि यंत्र लावलं. कशाला, ते मला विचारू नका. नळी मी पलंगावर ठेवली होती. त्यानंही विचारलं नाही. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव, भुसावळ. सगळा रस्ता मागून तोच आवाज, आणि मी नेहमीसारखा खड्डे चुकवत होतो. तापीच्या पुलावर त्यानं मडक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आलं बरं का अक्का, घर आलंच."

अस्थी घरात नेत नाहीत. बाहेर झाडाला बांधतात. त्यानं अंगणातल्या कडुनिंबाचा झोका सोडवला, साखळी खाली उतरवून ठेवली आणि त्याच फांदीला मडकं बांधलं. गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. भावजयीला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, लेक माहेरी आली की आणतात तसा, आणि मडक्यावरून ओवाळून टाकला.

मी यंत्र बंद करायला गाडीत चढलो. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा बघितला. हिशेब बरोबर निघाला होता. यायला निम्मी लागली. परतीची निम्मी तशीच शिल्लक होती.